‘कॅव्हेलियर’: उतरल्यापासून बुडेपर्यंत

शनिवार, २१ जानेवारी १९३९. सगळ्या वेळा न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे.

सकाळी १०:३८

लाँग आयलंडवरच्या पोर्ट वॉशिंग्टनच्या खाडीत एक विमान पाणी कापत निघतं. तळाशी फेस उसळतो, वेग वाढतो, आणि पोट पाण्यावरून सुटतं. चाकं नाहीत, धावपट्टीही नाही. विमानाचं धड म्हणजेच बोटीचा सांगाडा. नाव ‘कॅव्हेलियर’, मालक ब्रिटनची इम्पीरियल एअरवेज, कॅप्टन एम. आर. ऑल्डरसन. आत आठ प्रवासी आणि पाच कर्मचारी आहेत: दोन वैमानिक, एक रेडिओवाला, दोन स्टुअर्ड. जायचंय बर्म्युडाला. साधारण पाच तासांची वाट आहे. न्यूयॉर्कच्या थंडीतून सकाळी निघायचं आणि त्याच दुपारी अटलांटिकातल्या एका उबदार बेटावर उतरायचं, ही चैन त्या काळी मोजक्याच लोकांना परवडणारी होती.

बुडायला अजून २ तास ३५ मिनिटं आहेत.

तेवढ्यात थोडं मागे: १९२९ ते १९३८

प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या या बोटींचा बडेजाव ज्या एका कल्पनेवर उभा होता ती समजली नाही, तर या दुपारी काय घडलं ते नीट उलगडत नाही. कल्पना अशी: जगाचा बहुतेक भाग पाण्याखाली आहे, मोठ्या विमानांना लागतील अशा पक्क्या धावपट्ट्या फार थोड्या ठिकाणी आहेत, इंजिनांचा भरवसा नाही. मग विमानच तरंगणारं केलं तर? बंदर, नदी, तलाव, जिथे पाणी तिथे विमानतळ. इंजिन बंद पडलंच तर खाली आहेच समुद्र, उतरायचं आणि मदतीची वाट पाहायची. जाहिराती हे सांगत होत्या आणि प्रवाशांनाही ते पटत होतं. मला वाटतं, कंपन्यांनाही ते जरा जास्तच पटलं होतं.

ब्रिटनने या कल्पनेवर मोठा डाव लावला. १९३५ मध्ये इम्पीरियल एअरवेजने रॉचेस्टरच्या शॉर्ट ब्रदर्सकडे एकदम २८ उडत्या बोटी मागवल्या, तेही नमुन्याचं एकही विमान उडण्याआधी. कागदावरच्या आराखड्यावर एवढी मोठी मागणी नोंदवायची म्हणजे धाडसच. आर्थर गूज या अभियंत्याचा हा आराखडा. पहिली बोट ‘कॅनोपस’ जुलै १९३६ मध्ये उडाली. पंखांची लांबी ११४ फूट, ब्रिस्टल कंपनीची चार पेगॅसस इंजिनं, आणि आत दोन मजले. वर वैमानिक आणि टपालाच्या पिशव्या, खाली प्रवासी. सिगारेट ओढायला वेगळी खोली होती. एका बाजूला खिडक्यांशी उभं राहून, कठड्याला रेलून, खाली सरकणारा आफ्रिका किंवा अरबस्तान बघता यावा म्हणून मोकळी जागा ठेवलेली होती. आजच्या विमानात बसलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकून गुडघे आखडल्याची नव्याने जाणीव होते.

या बोटींची मोठी वाट हिंदुस्थानातूनच जात होती. साउथॅम्प्टनहून निघालेली बोट कराचीच्या कोरंगी खाडीत उतरायची, तिथून राजसमंदचा तलाव, मग शिंद्यांच्या ग्वाल्हेरचा माधोसागर, अलाहाबाद, आणि कलकत्त्याला हुगळी. मुंबई या वाटेवर नव्हती. पण मुंबईचं टपाल होतं. जे. आर. डी. टाटांनी ऑक्टोबर १९३२ मध्ये कराची-जुहू टपालसेवा सुरू केली ती इम्पीरियलच्याच विमानांना जोड म्हणून. त्यामुळे १९३८ साली मुंबईहून विलायतेला लिहिलेलं पत्र आधी टाटांच्या छोट्या विमानाने कराचीला जायचं आणि तिथून अशाच एखाद्या उडत्या बोटीच्या वरच्या मजल्यावर चढायचं. ग्वाल्हेरच्या तळ्याकाठी राहणाऱ्या मराठी मंडळींना तर दुमजली विमान पाण्यावर बसताना बघायला मिळत होतं.

आता या कल्पनेतली फट. ती १९३९ मध्ये दिसली असं नाही, दहा वर्षं आधीच दिसली होती.

२६ ऑक्टोबर १९२९. हिंदुस्थान-लंडन मार्गावरच्या भूमध्य समुद्रातल्या टप्प्यावर इम्पीरियलची ‘सिटी ऑफ रोम’ ही उडती बोट वादळात सापडली आणि इटलीच्या स्पेझिया बंदराबाहेर समुद्रात उतरली. उतरली म्हणजे खरोखर उतरली, तुटली नाही. तरंगत राहिली. एका जहाजाने तिला ओढून न्यायचा प्रयत्नही केला. दोर तुटला, रात्र झाली आणि बोट दिसेनाशी झाली. आतली सातही माणसं गेली. खाली पाणी होतं, विमान पाण्यावर तरंगण्यासाठीच बनवलेलं होतं, वैमानिकाने ते पाण्यावर ठेवलंही होतं. तरीही.

३१ डिसेंबर १९३५. ‘सिटी ऑफ खार्टूम’ अलेक्झांड्रिया बंदराच्या अगदी तोंडाशी आली असताना तिची तिन्ही इंजिनं जवळजवळ एकाच वेळी थांबली. इंधन पोचत नव्हतं. बोट अंधारात समुद्रावर आदळली. १३ जणांपैकी १२ गेले. वैमानिक एकटा वाचला, कित्येक तास पाण्यात काढल्यावर ब्रिटिश आरमाराच्या एका जहाजाने त्याला उचललं. शहराचे दिवे दिसत होते एवढ्या अंतरावर ही गत.

अमेरिकेच्या पॅन ॲमलाही हा अनुभव आला होता. जानेवारी १९३८ मध्ये सामोआजवळ ‘सामोअन क्लिपर’ स्फोट होऊन नष्ट झाली. तिचा कॅप्टन एडविन म्यूझिक तेव्हा जगातल्या सर्वांत नावाजलेल्या वैमानिकांपैकी एक होता. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘हवाई क्लिपर’ ग्वामहून मनिलाला जाताना १५ जणांसह नाहीशी झाली. माणूस नाही, तुकडा नाही, काहीच मिळालं नाही.

बंदरातलं पाणी आणि भर समुद्रातलं पाणी, नावाने एकच. बंदरात लाटा वीतभर, दिशा ठरलेली, काठावर लाँच तयार. उडत्या बोटीचा तळ याच पाण्यासाठी बेतलेला, पातळ धातूच्या पत्र्याचा. भर अटलांटिकात हिवाळ्यात जी लाट उठते ती डोंगरासारखी सरकत येते, आणि तिच्यावर उतरणारं विमान ताशी कितीतरी मैलांच्या वेगाने तिच्या उतारावर किंवा, नशीब फिरलं तर, तिच्या अंगावर आदळतं. वैमानिकांना हे माहीत होतं. प्रवाशांना सांगायचं कारण कोणाला वाटलं नाही.

‘कॅव्हेलियर’चीच गोष्ट घ्या. ती अटलांटिक ओलांडून अमेरिकेला उडत आलीच नाही. एवढ्या लांबचा पल्ला तिला झेपणारा नव्हता. इंग्लंडमध्ये उडवून पाहिल्यावर तिचे सुटे भाग करून खोक्यांत भरले, जहाजाने बर्म्युडाला नेले आणि तिथे डॅरल्स आयलंडवर ते पुन्हा जोडले. जून १९३७ मध्ये पॅन ॲमच्या ‘बर्म्युडा क्लिपर’बरोबर तिच्या न्यूयॉर्क-बर्म्युडा फेऱ्या सुरू झाल्या. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. सुरळीत चाललेल्या दीड वर्षाचा एक तोटा असतो, कोणी नव्याने प्रश्न विचारत नाही.

दुपारी १२:२३

‘कॅव्हेलियर’कडून पहिला काळजीचा संदेश येतो. हवा बिघडली आहे. मग थोड्याच वेळात आणखी एक: अजून खराब हवेतच आहोत, रेडिओवर जोरदार खरखर आहे. ढगांत विद्युतभार फार असला की तसं होतं.

पोर्ट वॉशिंग्टनच्या रेडिओ-खोलीत हे कोणी फार मनावर घेतलं असेल असं वाटत नाही. जानेवारीत त्या पट्ट्यात खराब हवा ही काही बातमी नव्हती.

पन्नास मिनिटं उरली आहेत.

१२:२३ ते १ च्या दरम्यान, इंजिनांच्या आत

या अर्ध्या-पाऊण तासात खरी घटना घडते ती कोणाला न दिसणाऱ्या जागी.

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या इंजिनात कार्बुरेटर असतो. त्याच्या चिंचोळ्या गळ्यातून हवा जोरात ओढली जाते, तिच्यात पेट्रोलचे तुषार मिसळतात, आणि पेट्रोलची वाफ होते. वाफ व्हायला लागणारी उष्णता तिथल्याच हवेतून आणि धातूतून घेतली जाते. माठाला पाझर फुटला की आतलं पाणी गार होतं ना, तेच इथे होतं, फक्त फार वेगाने आणि फार जास्त. चिंचोळ्या गळ्यात हवेचा दाबही उतरतो, त्यानेही ती आणखी थंड होते. हवा कोरडी असेल तर बिघडत नाही. पण विमान दमट, ओल्या ढगातून जात असेल तर त्या ओलाव्याचं बर्फ होऊन गळ्याच्या कडांना आणि थ्रॉटलच्या झडपेला चिकटतं. बाहेर तापमान शून्याच्या वर असलं तरी आत बर्फ धरू शकतो, ही या दुखण्याची मोठी फसवणूक. पंखांवर बर्फ जमला तर वैमानिकाला तो दिसतो. हा दिसत नाही.

पुढचं दुष्टचक्र सोपं आहे. बर्फाने वाट अरुंद होते, इंजिनाला हवा आणि इंधन कमी पडतं, जोर उतरतो. जोर उतरला की इंजिन कमी तापतं. कमी तापलं की कार्बुरेटरला मिळणारी ऊब आणखी घटते आणि बर्फ आणखी साठतो. त्याला अडवायचं तर आधीपासून भरपूर ऊब पुरवणारी सोय हवी. ‘कॅव्हेलियर’वर ती अपुरी पडली.

आधी आतल्या बाजूची दोन इंजिनं जातात. बाहेरची दोन चालतात, पण अर्धवट. चार इंजिनं असण्याचा सगळा फायदा असा की एखादं बिघडलं तर बाकीची ओढून नेतील. पण बिघाड हवेतच असेल तर? एकाच ढगातली तीच ओली हवा चारही इंजिनं ओढत असतात. तिथे चार इंजिनं म्हणजे एकच इंजिन. ‘सिटी ऑफ खार्टूम’ची तीन इंजिनं इंधनाच्या एकाच कमतरतेने थांबली होती, इथे चार एकाच ढगाने. आकडा मोठा असला की माणसाला धीर येतो, पण त्या आकड्यांमागे कारण एकच आहे का हे कोणी बघत नाही.

दुपारचा १, थोडं अलीकडे-पलीकडे

रेडिओवर आता शब्द बदलतात. बर्फामुळे सगळी इंजिनं दगा देत आहेत, उंची १,५०० फूट, काही मिनिटांत समुद्रात उतरावं लागेल. मग एसओएस.

पंधराशे फूट म्हणजे फारच थोडी उंची. निम्म्या जोरावर खाली येणाऱ्या अवजड बोटीसाठी हा वेळ मिनिटांत मोजायचा. तेवढ्या मिनिटांत ऑल्डरसनला लाटांची दिशा पाहायची आहे, वाऱ्याशी तिचा मेळ घालायचा आहे, आणि उतरायची जागा निवडायची आहे. निवडायला तसं काही नाही. न्यूयॉर्कच्या आग्नेयेला सुमारे २८५ मैल, चहूकडे अटलांटिक.

इथे पॅन ॲमच्या आणि इम्पीरियलच्या जाहिराती खऱ्या ठरायची वेळ आली आहे. इंजिनं गेली, पण खाली पाणी आहे, आणि विमान पाण्यावर उतरणारं आहे. चाकांचं विमान असतं तर इथेच संपलं असतं.

१ वाजून काही मिनिटं

‘कॅव्हेलियर’ पाण्यावर टेकते. रेडिओवाला कळवतो: उतरलो, ठीक आहे, थांबा.

न्यूयॉर्कला ज्यांनी हे ऐकलं त्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. टाकणारच. ज्या क्षणासाठी उडती बोट बनवलेली होती, तो क्षण पार पडला होता. इथून पुढे ती विमान नव्हती, होडी होती, आणि होडीने तरंगायचं असतं.

दुपारी १:१३

शेवटचा संदेश, एकच शब्द. बुडतोय.

भर समुद्राच्या लाटेवर उतरताना तळाला मार बसला होता. पाणी आत येत होतं. वरच्या मजल्यावर वैमानिक आणि रेडिओ, खाली प्रवासी, ही दोन मजल्यांची रचना आकाशात झकास होती. पण पाणी खालून भरायला लागल्यावर खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर काढायची म्हणजे वेगळीच कसरत.

ही माणसं बाहेर पडली, तेराच्या तेरा. एवढ्या थोड्या वेळात, डुलत्या, बुडत्या विमानातून सगळ्यांना बाहेर काढणं हे त्या कर्मचाऱ्यांचं श्रेय, आणि ते निखळ आहे. पण बाहेर काढून ठेवायचं कुठे? रबरी तराफा विमानात नव्हता. रात्र पडल्यावर जहाजांना खूण करायला प्रकाशबाण नव्हते. होते ते लाइफबेल्ट, आणि सगळ्यांच्या हाती लागले ते मोजकेच. थोड्या वेळात ‘कॅव्हेलियर’ गेली, आणि चौदाशे चौरस फुटांहून जास्त पसरलेल्या पंखांच्या त्या विमानातली माणसं पाण्यावर डोक्यांचे ठिपके होऊन राहिली.

मला या सगळ्या हकिगतीत राग येतो तो इथे. बर्फाचं एक वेळ सोडून देऊ. विमानशास्त्राला तेव्हा ते पुरतं उमगलेलं नव्हतं असं म्हणता येईल. पण बोटीवर तराफा असावा हे कळायला शास्त्र लागत नाही. कुठल्याही आगबोटीवर होडी टांगलेली असते, ‘टायटॅनिक’ नंतर तर सगळ्यांसाठी पुरेल इतक्या होड्या ठेवाव्या लागत. उडत्या बोटीवर ती नव्हती, कारण ती स्वतःच बोट आहे असं मानलं होतं. वजनाचंही गणित होतं. तराफ्याचं वजन म्हणजे तेवढं टपाल कमी, तेवढं सामान कमी.

दुपारी २ ते संध्याकाळी ५

शोध सुरू झाला होता. तटरक्षक दलाची आणि आरमाराची जहाजं, विमानं निघाली. त्या भागातल्या व्यापारी जहाजांना रेडिओवरून कळवलं गेलं. पण शेवटच्या संदेशात सांगितलेली जागा आणि खरी जागा यांत फरक असणार, आणि वारा-प्रवाह माणसांना सतत सरकवत असणार. हेलकावणाऱ्या समुद्रात माणसाचं डोकं शोधणं म्हणजे काय ते ज्यांनी कोकण किनाऱ्यावरून बुडालेल्या होडीतली माणसं शोधलीत त्यांनाच माहीत.

तेरा जणांनी घोळका केला. हाताशी असलेल्या लाइफबेल्टना धरून, एकमेकांना धरून. गल्फ स्ट्रीम या उबदार प्रवाहाचा हात त्या पाण्याला लागला होता, हे त्यांचं नशीब. तेच पाणी शंभर-दीडशे मैल वायव्येला, अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या थंड भागात असतं तर जानेवारीत ही गोष्ट तासाभरात संपली असती.

पाचच्या सुमारास अंधार पडला.

५ ते ११

या सहा तासांबद्दल लिहिण्यासारखं फार थोडं आहे, आणि वाढवून लिहू नये. थंडी, खारं पाणी, दमलेले हात. दोन प्रवासी आणि एक स्टुअर्ड, असे तिघं त्या घोळक्यातून गेले. मृतांत एकही बाई नव्हती.

दिवा नाही, शिट्टी नाही, प्रकाशबाण नाही. एखादं जहाज अर्ध्या मैलावरून गेलं असतं तरी त्याला दिसलं नसतं.

रात्री ११:२५ च्या सुमारास

‘एस्सो बेटाउन’ हे तेलवाहू जहाज आपली वाट सोडून शोधाला आलेलं होतं. अंधारात त्यांच्या कानावर हाका पडल्या. जहाजाने होडी सोडली. दहा माणसं उचलली गेली, कॅप्टन ऑल्डरसनसह.

बुडून दहा तास झाले होते. ज्या एका साधनामुळे ही माणसं सापडली ते म्हणजे माणसाचा आवाज.

सोमवार, २३ जानेवारी

‘एस्सो बेटाउन’ वाचलेल्यांना घेऊन न्यूयॉर्कला पोचलं. वर्तमानपत्रांना आठवडाभर पुरेल एवढी सामग्री मिळाली. ऑल्डरसन आणि त्याच्या साथीदारांचं कौतुक झालं, ते योग्यच होतं.

इम्पीरियलची बर्म्युडा-न्यूयॉर्क सेवा तिथेच थांबली. पुन्हा सुरू झाली नाही.

दोन महिन्यांनी, लंडन

ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाचा चौकशी अहवाल आला. कारण नोंदलं गेलं: कार्बुरेटरांत बर्फ, आतल्या दोन इंजिनांचा जोर पूर्ण गेला, बाहेरच्यांचा अंशतः. शिफारशी पाहिल्या तर वाचणाऱ्याला हसू आणि रडू एकदम यावं. कार्बुरेटरला जास्त ऊब द्या. लाइफबेल्ट प्रवाशांच्या हाताशी ठेवा. तराफे ठेवा. खुणेसाठी प्रकाशबाण ठेवा. आज कुठल्याही विमानात बसलं की उड्डाणाआधी कर्मचारी पिवळं जॅकेट घालून दाखवतात आणि आपण खिडकीबाहेर बघत असतो. त्या कंटाळवाण्या दोन मिनिटांचा एक पूर्वज हा अहवाल आहे.

१२ जून १९३९, कलकत्ता

‘कॅव्हेलियर’ची बहीण ‘सेंच्युरियन’ हुगळीवर उतरत होती. वाऱ्याच्या एका झोताने तिला उलटं केलं. नदी, ओळखीची जागा, सराईत वैमानिक, तरीही बोट गेली. १९३७ पासूनच्या अडीच वर्षांत या २८ बोटींपैकी कितीतरी अशाच गेल्या: फ्रान्सच्या डोंगरांत, अथेन्सला, ब्रिंडिसीला, इराकच्या हब्बानियाच्या तलावात. कागदावरून एकदम २८ मागवल्याची ही किंमत होती, की नव्या वाहनाला लागणारी शिक्षणाची फी, ते ठरवणं सोपं नाही.

त्याच महिन्याअखेर पॅन ॲमच्या बोइंग ३१४ या अवाढव्य उडत्या बोटीने अटलांटिकपार प्रवासी नेण्याची नियमित सेवा सुरू केली. बड्या लोकांनी तिकिटं काढली. दोन महिन्यांनी युद्ध लागलं.

पुढची वर्षं, भराभर

युद्धाने उडत्या बोटींना आधी काम दिलं आणि मग संपवलं. ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ब्रूम बंदरात जपानी लढाऊ विमानांनी पाण्यावर नांगरलेल्या उडत्या बोटींच्या रांगा जाळल्या. जावाहून पळून आलेल्या डच बायका-मुलांनी त्यातल्या कित्येक भरलेल्या होत्या. फेब्रुवारी १९४३ मध्ये पॅन ॲमची ‘यांकी क्लिपर’ लिस्बनला टॅगस नदीत उतरताना आदळली, ३९ पैकी २४ जण गेले.

पण खरा घाव गोळ्यांनी घातला नाही. लढाईसाठी जगभर लांबच लांब काँक्रीटच्या धावपट्ट्या बांधल्या गेल्या. ज्या अडचणीवर उडत्या बोटी पोसल्या गेल्या होत्या ती अडचणच उरली नाही. चाकांचं विमान हलकं, वेगवान, स्वस्त. खारं पाणी पत्रा खात नाही, लाँच लागत नाही, तळाला शिंपले धरत नाहीत. इम्पीरियलच्या जागी आलेल्या बीओएसीने १९५० मध्ये उडत्या बोटी बंद केल्या. अक्विला एअरवेज या छोट्या ब्रिटिश कंपनीने मडीरासारख्या बेटांवर त्या चालू ठेवल्या होत्या. नोव्हेंबर १९५७ मध्ये तिची एक बोट आइल ऑफ वाइटवर कोसळून ४५ जण मेले, आणि पुढच्या वर्षी तिनेही गाशा गुंडाळला. रॉचेस्टरच्या त्या पहिल्या २८ बोटींपैकी आज एकही शिल्लक नाही. बोइंग ३१४ सुद्धा नाही.

१४ ऑक्टोबर १९४७, उत्तर अटलांटिक

या घटनाक्रमात ही तारीख बसत नाही, पण सोडवत नाही. आयर्लंडच्या फॉइन्सहून न्यूफाउंडलंडकडे निघालेली ‘बर्म्युडा स्काय क्वीन’ ही बोइंग ३१४ समोरच्या वाऱ्याने अडली. पुढे जायला इंधन नाही, मागे यायलाही नाही. आत ६९ माणसं, त्यात लहान मुलं. कॅप्टन चार्ल्स मार्टिन अवघा २६ वर्षांचा. त्याने रेडिओवरून हवामान पाहण्यासाठी भर समुद्रात उभं असलेलं अमेरिकी तटरक्षक दलाचं ‘बिब’ हे जहाज शोधलं आणि त्याच्या शेजारी उधाणलेल्या समुद्रात उतरला.

इथे फरक एवढाच की खाली आधीच जहाज होतं आणि त्याच्यापाशी रबरी तराफे होते. ‘बिब’ने तेल सांडून लाटा मऊ केल्या, तराफे सोडले, आणि फेऱ्या करत माणसं उतरवली. रात्र पडल्यावर काम थांबलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालं. तोवर उडती बोट लाटांवर तरंगत राहिली. ६९ पैकी ६९ वाचले.

रिकामी झालेली ‘स्काय क्वीन’ मात्र बुडेना. जहाजांच्या वाटेत धोका नको म्हणून ‘बिब’ने तिच्यावर तोफा डागल्या आणि तिला तिथेच बुडवलं.